कोंडखारचे पाइप आणि माझी उमेदवारी

दि. ४ नोव्हेंबर २०२४, सकाळी

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
विधानसभा निवडणूक कार्यालय, श्रीवर्धन.

विषय : माझ्या नावाने कोणीही उमेदवारी मागे घेण्यास आल्यास त्याला दारातूनच परत पाठविणेबाबत.

संदर्भ : १) माझा अपक्ष उमेदवारी अर्ज, आपल्या पोचसह.
२) मौजे कोंडखार येथे अचानक आलेले सिमेंटचे पाइप.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, श्रीमती चंदाबाई धर्माजी तांबे, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. बौद्धवाडी, कोंडखार, पो. बोर्ली पंचतन, आपणास कळविते की, मी उमेदवारी मागे घेतलेली नाही, घेणार नाही, व घ्यायला कोणास सांगितलेले नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण अर्ज शेवटपर्यंत वाचायची पद्धत सगळीकडे असतेच असे नाही. आपल्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. आपण नवीन आहात.

१. मी उभी का राहिले, हे सर्वजण विचारतात, म्हणून खुलासा करते. गावच्या स्मशानाला शेड आहे, नळ आहे, बसायला बाकडी आहेत. आमच्या वाडीची जागा खाडीच्या फाट्यापलीकडे आहे. भरतीला मधे छातीएवढे पाणी असते, म्हणून आमच्यात माणूस गेला की आधी पंचांगात तिथी बघतात आणि ओहोटी केव्हा लागेल ते काढतात. माझे पती धर्माजी आषाढात, ऐन उधाणात वारले. दुपारी उचलले ते दिवेलागणीला पलीकडे पोचले. तोवर तिरडी काठावर ठेवून आम्ही वर प्लास्टिकचा कागद धरून उभे होतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी कोणाला ताटकळत ठेवले नाही त्याला शेवटी असे थांबवले, याचा मला संताप आहे व तो अजून गेलेला नाही.

तेथे पाइप टाकून वरून माणसे जातील अशी वाट व्हावी, ज्याला आम्ही साकव म्हणतो, एवढीच मागणी होती. ग्रामपंचायतीत गेले तर म्हणाले, हे वरचे काम. वर गेले तर म्हणाले, आमदार निधीतून होईल. मग म्हटले, आपणच आमदार व्हावे, म्हणजे अर्ज माझ्याकडूनच माझ्याकडे येईल व कुठे अडकला ते तरी कळेल. साकवानंतर माझी आणखी दोनच कामे आहेत. उपकेंद्रात डॉक्टर रोज बसावा, आणि शेवटची फेरी सुटून गेल्यावरही दिघीहून आजाऱ्याला आगरदांड्याला नेणारी होडी असावी. याहून मोठे मला काही सुचत नाही व सुचल्यास कळवीन.

२. अर्ज भरल्यापासून माझ्याशी सगळे फारच चांगले वागू लागले आहेत, ही बाब गंभीर आहे. डॉक्टर रोज बसतात. वर माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. एका उमेदवाराचे काम पाहणारे ठेकेदार अल्पेशशेठ आजवर मला "ओ बाई" म्हणत, ते आता "मावशी" म्हणतात. दिवाळीत त्यांनी फराळाचा डबा पाठवला. तो मी खाल्ला नाही, शेजारच्या शिवानीला दिला. ती ठीक आहे, तरीही.

३. परवा खाडीकाठी ट्रकमधून सिमेंटचे मोठे पाइप उतरले. आचारसंहितेत नवे काम निघत नाही एवढे मलाही कळते, म्हणून विचारले. अल्पेशशेठ म्हणाले, काम जुने मंजूर आहे, पण तुम्ही उभ्या असताना आमचे साहेब ते कोणत्या तोंडाने करणार? मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही अर्ज मागे घ्या. दुसऱ्या दिवशी पाइप मातीत गेलेले दाखवतो."

खोटे कशाला लिहू, मी विरघळले. घरी माझ्या सासूबाई नीराबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना मरणाची भीती नाही, पाण्याची आहे. लेकाची तिरडी काठावर थांबलेली त्यांनी पाहिली. तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, "आज पानी कवा उतरंल गो?" पाइप आल्याचे ऐकून त्या कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या. तेव्हा मी मनात म्हटले, जाऊ दे ती आमदारकी, म्हातारी कोरडी जाऊ दे.

४. परंतु पाइपांना नवा चुना फासलेला होता. जी वस्तू चिखलात गाडायची तिला चुना कोण लावतो? ही शंका मला झोपू देईना. काल सकाळी ओहोटी असताना मी नारळाचे सोडण घेऊन गेले व एक पाइप घासला. चुन्याखाली निळ्या रंगात, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेले निघाले : "मृणाली, इयत्ता चौथी."

ही मृणाली माझी भाची मनाली हिची मुलगी. त्यांची वाडी याच मतदारसंघात, दिघीच्या बाजूला. फोन केला, तर मनाली म्हणाली, "आत्या, ते पाइप आमच्या वाडीत आलेले. आम्हीपण साकवासाठीच मत दिलं. निकाल लागला नि ट्रक येऊन घेऊन गेला." मृणाली आता कॉलेजात आहे व यंदा विधानसभेला पहिल्यांदा मत देणार आहे. म्हणजे ती पोर चौथीतून मतदार यादीत आली, परंतु पाइप अद्याप कोणाच्याही मातीत गेलेले नाहीत. मधल्या काळात ते आणखी कुठे कुठे जाऊन आले असतील, याचा शोध घ्यावा.

५. अर्ज भरताना माझ्या दहा सूचकांपैकी सदा याने "जास्तीच्या प्रती लागतील" म्हणून दोन कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. आता कागद सापडत नाहीत म्हणतो. माझ्याकडे चहाला येत नाही. दाढ दुखते असे कारण देतो. अल्पेशशेठच्या जीपमधून उतरताना मात्र तो हसत होता. दाढ खरीच दुखत असल्यास मी त्याची माफी मागेन, पण आज दुपारी तीनला माघारीची मुदत संपून गेल्यावर.

६. तरी विनंती की,
अ) आज माझ्या सहीचा माघारीचा कागद घेऊन कोणी आल्यास तो ग्राह्य धरू नये. मी सकाळपासून आपल्या दारातल्या बाकावर बसलेली आहे, तोंडावर विचारावे.
ब) पाइपांवर पोलीस ठेवावा. चोरी होईल म्हणून नव्हे, तर ते रात्रीत दुसऱ्या वाडीला निघून जाऊ नयेत म्हणून.
क) आचारसंहितेखाली पाइप जप्त केल्यास ते कोंडखारातच जप्त ठेवावेत. शक्य असल्यास फाट्यात, एका रांगेत.

७. काल पाइप घासून घरी आले तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बोलावून विचारले, "चंदा, पायप आलं म्हनतात. मंग मी आता जाव का?"

मी त्यांना सांगितले, "अजून टाकलं न्हाय. थांबा."

त्या "बरं" म्हणाल्या व डोळे मिटून पडल्या. महोदय, माझा कोणावर विश्वास राहिलेला नाही, पण त्यांचा माझ्यावर आहे. त्या थांबल्या आहेत. किती थांबवता येईल हे माझ्या हातात नाही.

आपली नम्र, व बाकावरून न उठणारी,

(सही, माझीच)
चंदाबाई धर्माजी तांबे
अपक्ष उमेदवार

सोबत :
१) घासलेल्या पाइपाचा फोटो.
२) माझ्या सहीचा नमुना. यापुढे सहीखाली मी आडवी रेघ मारते. रेघ नसेल ती सही माझी समजू नये.