मागच्या सीटवरून सूचना

शनिवार, २

बाबा मला मागच्या सीटवरूनही नापास करणार, हे आज सरावातच कळलं.

जोडसायकलला दोन सीट, पॅडलच्या दोन जोड्या, पण वळवायचं हँडल एकच — पुढे. पुढे मी, मागे सासरे. बाबांनी वाहन परवाना कार्यालयात तीस वर्षं लोकांच्या परीक्षा घेतल्या. मलाही दोनदा नापास केलं होतं. तेव्हा मी जावई नव्हतो. तिसऱ्यांदा दुसऱ्या साहेबांची पाळी बघून गेलो. हे त्यांना ठाऊक आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी मी 'शिकाऊ'च.

चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. "तेवढा पुरे," म्हणतात.

अंधशाळेच्या वसतिगृहाला मदत म्हणून चार दिवसांची, तीनशे किलोमीटरची जोडसायकलींची फेरी आहे. बाबांनी स्वतःच नाव दिलं. पुढे कोण बसणार, हे कोणी विचारलंच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रविवार, ३

बाबांच्या हुकमावरून हँडलला आरसा बसवला. सायकलवाला गालातल्या गालात हसला.

सोमवार, ४

पहिला दिवस. "शिकाऊ, आरसा बघा." "शिकाऊ, हात दाखवा." "वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नव्हे." पंच्याहत्तर किलोमीटर हेच. मी कवळ्या बनवतो. माझ्याच हातची कवळी घालून हा माणूस मलाच ओरडतो!

शेवटून पहिले आलो. सगळ्यांच्या मागे एक टेम्पो असतो, दमलेल्यांना सायकलीसकट उचलतो. चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "बसा की, आत गार पाणी आहे." बाबा म्हणाले, "आमची परीक्षा चालू आहे. मधेच उठता येत नाही."

खरं तर मला बसायचं होतं. पण आता माझंही ठरलं — टेम्पोत बसायचं नाही. तीनशे किलोमीटर नीट नेलं तर माझं 'शिकाऊ' सुटेल. एकोणीस वर्षांत दुसरी संधी आलेली नाही.

मंगळवार, ५

लिहायलाही लाज वाटते.

आज लवकर निघालो, म्हणून आमच्या मागे चक्क तीन जोड्या होत्या. चौकात फेरीची पाटी सरळ जा म्हणत होती. बाबा म्हणाले, "पेट्रोल पंपानंतर डावीकडे. जवळचा रस्ता. हजारदा गेलोय." आणि मी वळलो! दोन धड डोळ्यांच्या माणसाने पाटी बघितली, वाचली आणि वळला. मागच्या तिन्ही जोड्या आमच्या मागोमाग.

तो रस्ता आता नाही. तिथे मोटारी धुतात. कसल्याशा पट्टीवर चाक गेलं आणि चारी बाजूंनी पाणी, मग फेस. मागून बाबा शांतपणे म्हणाले, "शिकाऊ, वायपर."

मालक धावत आला. "दुचाकी घेत नाही आम्ही."

"इथे रस्ता होता," बाबा म्हणाले.

"काका, त्याला बारा वर्षं झाली."

दोन किलोमीटर गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाटी होती का?"

"होती."

"मग वळलात कशाला?"



बुधवार, ६

आश्चर्यच. निघताना बाबांनी विचारलं, "ढग आलेत का?" लख्ख ऊन होतं. तसं सांगितलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर दिवसभर एकही सूचना नाही. घाट गेला, अरुंद पूल गेला. मी मुद्दाम एकदा हात उशिरा दाखवला, तरी नाही. दोनदा माझ्या पाठीला हात लावून बघितला, एवढंच. पाय मात्र इमानदारीत फिरत होते.

संध्याकाळी बायकोला फोन केला. "तुझ्या बाबांनी मला पास केलं."

"तसं म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं?"

कॉलर ताठ करून जेवायला गेलो.

गुरुवार, ७

पोचलो! टेम्पोत न बसता.

चार किलोमीटर राहिले असताना चेन उतरली आणि अडकून बसली. मी अर्धा तास झटलो, बोटं सोलून घेतली. टेम्पो येऊन थांबला, बाई दार उघडून उभ्या. मी हात टेकले होते. बाबा मात्र खाली बसले, चाचपडत चेन सोडवली आणि चढवली. "चला," म्हणाले. दिवसभरात तेवढंच.

आम्ही आलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. तरी कोणीतरी पदकं शोधून आणली. बाबांनी पदक चावून बघितलं. कवळीला काही झालं नाही. काम पक्कं आहे माझं.

शनिवार, ९

बायको बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. उजव्या डोळ्याचा उजेडही गेला. कधी, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, बुधवारी सकाळी. सांगितलं असतं तर आम्हाला टेम्पोत बसवलं असतं, म्हणून बोलले नाहीत.

मी पास झालो म्हणून दोन दिवस मिरवत होतो, आणि मागे हा माणूस पूर्ण काळोखात पॅडल मारत होता. मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. ढगांचं विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "तशात घाटातून आलात? भीती नाही वाटली?"

"पुढे आमचा शिकाऊ होता ना," बाबा म्हणाले.

रविवार, १०

सकाळी साडेसहाला बाबा स्वतःच जोडसायकलपाशी उभे. मागे बसले आणि म्हणाले, "शिकाऊ, आजपासून तुम्ही बोला. काय काय दिसतंय?"

मी आधी आरसा बघितला. "मागे तुम्ही. हेल्मेट वाकडं आहे."

त्यांनी ते सरळ केलं.