घर धाकट्याला, विनाअट

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, धंद्याने कवळ्या बनवणारी, अविवाहित, सत्तरी ओलांडलेली, आज पूर्ण शुद्धीत आणि समजून-उमजून माझी शेवटची इच्छा सांगत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला माझ्याकडे येते तरी कोण? उजवे अंग गेले आहे, जीभ जरा जड आहे, पण डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, ते सोबत जोडावे. मी सांगते तसे शेजारच्या शिक्षिकाबाई लिहीत आहेत. त्यांनी माझे बोलणे सुधारायचे नाही असे आमचे ठरले आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

देहाबाबत: चर्चच्या दफनभूमीत पुरावा. पेटी साधी असावी. तोंडातली कवळी मी स्वतः बनवलेली आहे, ती काढू नये. जन्मभर लोकांना दात दिले आणि स्वतः बोळकी गेली, असे कोणी म्हणायला नको. पाळकांनी माझ्या कष्टांचे गुणगान करू नये. "फार कामसू बाई होती" हे वाक्य ओठांवर आले तरी गिळून टाकावे.

हत्यारांबाबत: मेणाच्या सुऱ्या, साचे, प्लास्टरच्या वाट्या, पॉलिशचे यंत्र, सगळे विकावे. कोणी घेत नसेल तर भंगारात द्यावे. आठवण म्हणून एकही वस्तू घरात ठेवू नये. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या वडिलांच्या आहेत आणि त्यांच्याबरोबर आलेला एक नियमही आहे.

बाबा म्हणत, "हात चालतो तोवर माणूस. पुढे नुसतं खाणारं तोंड." त्यांचा हात कापू लागला तेव्हा त्यांनी हा नियम आधी स्वतःलाच लावला. जेवायला टेबलाशी येणे सोडले. मागच्या खोलीत खाटेवर बसून राहत. मी ताट नेले की म्हणत, "जे कमावतात त्यांना वाढ." आई आधीच गेलेली, धाकटा भाऊ शाळेत, दुकान माझ्या गळ्यात. मी विनवण्या केल्या, भांडले, एकदा घास जबरदस्तीने भरवायला गेले तर त्यांनी तोंड फिरवले. ताट आधी अर्धे परत यायचे, मग भरलेलेच. मृत्यूच्या दाखल्यावर कसल्याशा आजाराचे नाव आहे. ते उपाशी गेले, भरल्या घरात. आम्ही दोघे खूप रडलो, आणि त्यांचा नियम मात्र जपून ठेवला.

दंतवैद्यांबाबत: ज्यांच्यासाठी मी उभा जन्म कवळ्या बनवल्या त्या डॉक्टरसाहेबांना माझ्याकडून काही नाही. प्लास्टर कालवताना माझ्या हातातून वाटी सुटली आणि ती उचलायला गेले तर हातच आला नाही. दवाखान्यात मला कुशीवर वळवत होते तेव्हा साहेबांचा माणूस दारात उभा. "अर्धवट राहिलेली कामं कुठे ठेवलीत?" मी कशी आहे, हे विचारायला तो विसरला असेल. साहेबही विसरले, आजपर्यंत. मी त्यांना क्षमा केली आहे. पण क्षमा ही केर काढण्यासारखी आहे, एकदा काढून भागत नाही.

माझा धाकटाही आला होता. मी दुकानात उभी राहूनच त्याला वाढवले, शिकवले, शेजारी बसवून हाच धंदा हातात दिला.

"ताई, हात येईल ना परत?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

त्याने माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "मग तू आता करणार काय?"

कुचकेपणाने नाही म्हणाला. घाबरून म्हणाला. पण तो प्रश्न माझ्या उशाशी येऊन बसला. घरी आल्यावर त्याने दुकान आणि मधली खोली यांच्यामध्ये पडदा लावला. "गिऱ्हाईक येतं-जातं, ताई. तू आत बरी." मी आत पडून राहिले आणि ताट परत पाठवू लागले. कोणाला शिकवावे लागले नाही. बघितलेलेच होते.

पाळक प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन घरी आले. मी म्हटले, "नको. चर्चमधल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या फुकट दुरुस्त करून द्यायचे, तेव्हा मानाने घ्यायचे. आता कुठल्या तोंडाने घेऊ?"

ते म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा काय दुरुस्त करून दिलं होतंत?"

"तेव्हा मी तान्ही होते!"

"हो ना. मान धरता येत नव्हती. तरी प्रभूने 'माझी' म्हटलं."

मला राग आला. मी त्यांना घालवून दिले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. मी पुन्हा घालवले. त्यांनी मनाला लावून घेतले नाही, त्यांचे पायही थकले नाहीत.

माझ्या खाटेसमोर भिंतीवर येशूच्या मूर्तीचा क्रूस आहे. उभ्याने येता-जाता मी त्या मूर्तीचा चेहराच बघत आले होते. आडवे पडल्यावर हात दिसले. सुताराचे हात, येशूचा धंदा तोच. क्रूसावर खिळले त्या दिवशी त्या हातांनी काहीही झाले नाही. खिळा उपटता आला नाही, समोर उभ्या आईचे डोळे पुसता आले नाहीत. बाबांच्या नियमाने बघितले तर तिथे नुसते एक तहानलेले तोंड टांगलेले होते. आणि माझा विश्वास सांगतो की जगाचे जे भले झाले ते तेव्हाच झाले. मी दिवसचे दिवस त्या हातांकडे बघत पडले. मग एकदा पाळकांना म्हटले, "द्या." त्यांनी भाकर माझ्या तोंडात घातली. जीभ वळेना, घास गालात अडकला, लाळ गळली. ते रुमाल धरून थांबले. मी गिळले.

हात आला नाही. चमत्कार झाला असे कोणी सांगू नये. अजूनही काही सकाळी येशूच्या आधी बाबाच बोलतात. पण माझे ताट आता परत जात नाही.

बचतीबाबत: पुरण्याचा खर्च जाऊन उरेल ते माझी आंघोळ, कपडे, अंथरूण बघणाऱ्या बाईला द्यावे. पगार म्हणून नव्हे. पगार ती घेतेच, तोही भांडून.

घराबाबत: पुढचे दुकान, मधली खोली, मागची खोली, अंगण, सगळे माझ्या धाकट्या भावाला.

आता दंतवैद्य यंत्रावरच्या कवळ्या मागवतात. धाकट्याचे काम आटत गेले, शेवटी दुकानाचे दार उघडणेच बंद झाले. बायको आधीच वारली होती. एका दुपारी तो मागच्या खोलीत गेला आणि बाबांच्या खाटेवर बसला. तो तिथेच आहे. त्याचे ताट भरलेले परत येते. मी भिंतीतून हाका मारते.

"धाकट्या, टेबलाशी ये."

"भूक नाही, ताई."

"येशूला तरी हाक मार रे."

"कुठल्या हक्कानं? त्याच्यासाठी मी केलंय काय?"

मला हसू फुटले. हा प्रश्न मला किती ओळखीचा! त्याला वाटले मी त्याची थट्टा केली. त्याने दार लावून घेतले. ते हसू मला फार महाग पडले.

शिक्षिकाबाई म्हणतात, घर देताना अट घाला, त्याने रोज दोन वेळा जेवले पाहिजे. त्यांनी तसे लिहिलेही होते. मी खोडायला लावले. अट घातली की ती मजुरी झाली. मजुरीवरच तर हे घर उपाशी मेले. घर त्याला विनाअट. त्याने ते राखावे, विकावे, पडू द्यावे.

इथवर लिहून झाले तेव्हा मधले दार वाजले. धाकटा चौकटीला धरून उभा होता. सदरा खांद्यावरून लोंबत होता, गालांची हाडे वर आलेली. साक्षीदार बसले होते, त्यांच्याकडे त्याने बघितले नाही.

"ताई, त्यात माझं नाव आहे म्हणे."

"आहे."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही."

त्याने चौकट सोडली. मग भिंत धरत मागे गेला. दार मात्र त्याने लावले नाही. आम्ही सगळे ते उघडे दार बघत बसलो आहोत. बाई, हे असेच लिहा, आणि माझा अंगठा शाईत बुडवा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच बोलण्याप्रमाणे आहे.

डाव्या हाताचा अंगठा: कवळ्या बनवणारी, धाकट्याची ताई

आमच्यासमक्ष अंगठा उठवला, म्हणून साक्ष:
चर्चचे पाळक (सही)
समोरचे घड्याळवाले (सही)
लिहिणार: शेजारच्या शिक्षिकाबाई (सही)

ठिकाण: राहत्या घराची मधली खोली
दिनांक: सात नोव्हेंबर, रविवार, उपासनेनंतर