सेकाईनं उचललेली माझी चाल

२ जून, सोमवार

डॉक्टर चिवोरे, पोरसवदा दिसतो अगदी! म्हणाला, "आजी, मेंदूतली गाठ भराभर वाढतेय. तरुणांना सहा आठवडे किरणांचे शेक देतो. तुम्हाला तीनच आठवडे, पंधरा शेक, जोडीला गोळ्या. गाठ जाणार नाही. काही महिने मिळतील."

मी म्हटलं, राहू दे. शहात्तर झाली. गावी जाते.

शेजारी सेकाई, माझी साहविरा. पन्नास वर्षांचं आमचं थट्टेचं नातं. जी आधी मरेल तिच्या मयताला दुसरीनं तिचे कपडे घालायचे, तिची नक्कल करून लोकांना हसवायचं — हक्कच तो! ती फिस्कारली, "आत्ताच मरतेस? तुझी चाल अजून जमत नाही मला! तीन आठवडे दे की, म्हातारे!"

हो म्हटलं. भीती वाटतेय.

४ जून

डोकं हलू नये म्हणून गरम जाळी तोंडावर दाबून मुखवटा केला. सेकाई म्हणते, "हाच बरा. निदान गप्प तरी बसतो!"

११ जून

तिसरा शेक. डावा पाय फरफटतोय. सेकाई कोंबी गाडीच्या थांब्यापासून दवाखान्यापर्यंत माझ्यामागून तस्साच पाय ओढत आली! टोमॅटोवाल्या बायका खिदळल्या. मीसुद्धा. मेली!

१७ जून

सूज उतरायच्या गोळ्यांनी भूक खवळलीय. दोन ताटं मक्याच्या पिठाचा साद्झा हाणला, वर सुकी मासळी. गाल फुगलेत. "आता तुझी नक्कल करताना गालात भोपळा कोंबावा लागणार," सेकाई करवादली.

जिन्यात दोनदा थांबली. मी म्हटलं, पुरे ती नक्कल. तर म्हणे, "पाय तुझा. दम माझा स्वतःचा!"

२० जून

दहा झाले. सेकाईनं दिवसभरात एकही टोमणा मारला नाही. काहीतरी शिजतंय!

२२ जून, रविवार

सेकाई गेली. शुक्रवारी संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या.

आज मयताला तिचा लाल रुमाल डोक्याला बांधला, तिची पिशवी काखेत मारली आणि अंगणभर चालले. पाय ओढत! शेवटी शेवटी ती अशीच तर चालायची. लोक पोट धरधरून हसले. तिची लेक डोळे पुसत म्हणाली, "हुबेहूब आई!"

घरी येऊन खूप रडले. आता माझी नक्कल कोण करणार?

उद्या अकरावा शेक. जाणार आहे.