सुनंदाच्या गाडीची सीट

नेर, दसऱ्याची संध्याकाळ

सुनंदाची नवी गाडी आली आज. पांढरी, उंच, पायरी चढल्यावानी बसा लागते. धाकटी जाऊ माही, शाळेत मास्तरीण. सोताच्या पगारातून घेतली. मोठी म्हणून गाडीले ओवाळायचा मान मले देला. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारही चाकाईखाली लिंबू ठेवले, हसलीबी. आतून मात्र नुसतं जळून राह्यलं होतं.

काहून जळावं? तिले गाडी शिकवली कोणी? म्याच ना! बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली बाजार समितीचं आवार रिकामं पडलं होतं. तेथंच आमच्या जुन्या जीपवर शिकवली. क्लच सोडताना डोळे मिटे ही बाई! मंग त्याच साली जीप विकली आम्ही. माहं लायसन तवापासून कपाटात, साड्याईखाली.

लिंबू चिरडून गाडी गल्लीत निघाली अन् समोरून बैलबंडी आली. सुनंदाले रिव्हर्स घेताच येईना. "ताई, तुम्हीच घ्या ना मांगं," म्हणे. बसली मी. सीट इतकी समोर, का गुडघे स्टेअरिंगले टेकले. ठेंगणी आहे ना! सीट मांगं सरकवली अन् एका दमात गाडी अंगणात लावली. आमचे हे ओट्यावरून वरडतात, "जपून, दुसऱ्याची हाय!"

चाबी देली परत. सीट नाही सरकवली.

उद्या शाळेत जायले बसन, तवा तिचा पाय क्लचले पुरणार नाही. मंग मले हाक मारन. जाणारच नाही मी.

जाईन. तेवढंच पुन्हा बसायले भेटन.