मोठ्या बाईंचा हुकूम

नेहरू नगर, भिलाई
दि. ९ नोव्हेंबर १९८६

ती. वसुमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी आटोपली. आईने तुझ्यासाठी अनारसे डब्यात भरून ठेवले होते. तू आली नाहीस म्हणून ते बाबांनी संपवले, आणि वर मेहुणीच्या नावाने खाल्ले असे सगळ्यांना सांगत फिरत आहेत.

आपले केंद्र बरे चालले आहे. समोरच्या खोलीत आता दोन खाटा झाल्या. बाबांनी बाहेरचा बोर्ड पुन्हा रंगवून घेतला. त्यावर तुझे नाव ठळक आहे, वसुंधरा देवतळे, फिजिओथेरपिस्ट, नागपूर, आणि खाली सहायक म्हणून माझे, इतके बारीक की डास बसला तर झाकून जाईल. माझी तक्रार नाही. मी वर्षभर तुझ्या हाताखाली शिकले, डिग्री तुझी, तेव्हा मोठी अक्षरेही तुझीच.

बाबांचा आखडलेला खांदा तू कळवलेस तसा रोज ताणते. रडले-ओरडले तरी सोडू नकोस, थोडे दुखल्याशिवाय आखडलेला सांधा सुटत नाही, हे तुझे म्हणणे मला पाठ झाले आहे. बाबा असे ओरडतात की शेजारच्या मिश्राइन काकू परवा भिंतीवरून डोकावून विचारत होत्या, सब ठीक है ना. पण आता शर्ट स्वतःचा स्वतः घालतात.

एक नवीन पेशंट आली आहे. मनकर्णाबाई, राहणार कैंप-१ वस्ती. नवरा सुखराम पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर आहे. मूळचे गोंदियाकडचे. नळावर पाय घसरला आणि उजवे कोपर मोडले. प्लास्टर निघाले, पण हात धड वाकत नाही की सरळ होत नाही. आल्या आल्या त्यांनी विचारले, मोठ्या बाई कुठं हायेत. मी म्हटले, नागपुरात असतात, पण इथे सगळे त्यांच्याच हुकमाने चालते. तेव्हा कुठे पदर खोचून खाटेवर बसल्या. त्यांनाही मी बाबांचीच पद्धत लावली आहे, आधी शेक, मग ताण. चालेल ना?

कैंपातल्या भैयालाल मालिशवाल्याने दारावर डॉक्टर म्हणून पाटी लावली आहे. त्याला विचारणारे कोणी नाही. माझ्यावर निदान तू आहेस. पण दर पंधरवड्याला शनिवारी यायचे ठरले होते, आणि दसऱ्यानंतर तू फिरकलीच नाहीस. ये ना ग.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर टाकण्याइतकी माया ठेव.

तुझी,
शीला


नागपूर
दि. २१ नोव्हेंबर १९८६

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला, पण हाताला उसंत नाही. विभागात एक बाळंतपणाला गेली आहे, दुसरीची बदली झाली, आणि सबंध ओपीडी माझ्या गळ्यात पडली आहे. रात्री भात टाकायचाही कंटाळा येतो. शनिवारी गाडीत बसायचे तर रविवारी माणसासारखे झोपायचे कधी, तूच सांग.

तुझ्या भैयालालचे वाचून हसूही आले आणि रागही. परवा आमच्या संघटनेची सभा होती, तिथेही हाच विषय निघाला. डॉक्टरला नोंदणी आहे, नर्सला आहे, औषधे देणाऱ्यालाही आहे. आपल्या कामाला ना नोंदणी ना परवाना, कोणीही उठावे आणि बोर्ड ठोकावा. मी उभी राहून ठासून सांगितले की सहायकाने डिग्रीवाल्याच्या नजरेखालीच काम करावे, असा कायदा झालाच पाहिजे. टाळ्या पडल्या, चहा झाला, सगळे घरी गेले.

भाऊजींना सांग, मेहुणीच्या नावाने अनारसे खाल्ले तसे आता मेहुणीच्या नावाने दुखणेही सोसा. खांदा मोकळा होतो आहे हे वाचून तुझे फार कौतुक वाटले. तुझा हात चांगला आहे, हे मी तुला पहिल्यापासून सांगत आले.

मनकर्णाबाईंचेही चालू ठेव, धीर सोडू नको. डिसेंबरात नक्की येते. रमाताईला, तुझ्या आईला, म्हणावे, लोणचे जपून ठेव, यावेळी भाऊजींच्या हाती लागू देऊ नको.

तुझ्यावर जीव आहेच, तो पत्रातून किती दाखवायचा.

तुझी,
वसुमावशी


भिलाई
दि. १३ डिसेंबर १९८६

ती. वसुमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आज गमतीचे काही लिहायला नाही. मनकर्णाबाईंच्या हाताने माझी झोप उडवली आहे.

तू चालू ठेव लिहिलेस तसे मी एक दिवसही चुकवले नाही. सुरुवातीला हात थोडा वाकत होता. आता तेवढाही वाकत नाही. कोपर सुजले आहे, बोट लावले तर गरम लागते, आणि पुढच्या बाजूला काहीतरी टणक हाताला येते. मला वाटले त्या घरी व्यायाम करत नसतील, म्हणून मी जरा रागे भरले आणि जास्त जोर लावला. आईने सुंठ घातलेले तेल दिले, त्याने रोज चोळतेही आहे. ताण देताना सुखरामभाऊ त्यांचे खांदे धरून ठेवतात. त्या ओरडत नाहीत. नुसते डोळ्यांतून पाणी येत असते, आणि मधूनच विचारतात, मोठ्या बाई कवा येतीन. मी सांगते, येणार आहेत, आणि त्यांनी असेच करायला सांगितले आहे.

बाबा म्हणतात, माझाही खांदा असाच दुखत होता, पाहा आता कसा फिरतो, उगीच घाबरू नको. पण मावशी, बाबांचा खांदा गरम नव्हता लागत. माझे काही चुकते आहे का? कोणाला विचारू? इथे मी एकटीच आहे. तू बोर्डावर आहेस, पण बोर्डाला विचारता येत नाही. मला चिडून लिहायचे नव्हते, लिहिले गेले.

लवकर ये. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

शीला


नागपूर
दि. १७ डिसेंबर १९८६

चि. शीलास आशीर्वाद.

सकाळीच तार केली आहे, पोचली असेल. मनकर्णाबाईंच्या हाताला हात लावायचा नाही. ताण नाही, तेल नाही, शेकसुद्धा नाही. हात झोळीत ठेव आणि हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन फोटो काढून घे. आजच.

कोपर म्हणजे खांदा नव्हे ग. मोडलेले कोपर नुसते घरच्या माणसासारखे जपायचे असते. पेशंट आपल्या जोरावर हलवेल तेवढेच हलवायचे. ते चोळले, जबरदस्तीने ताणले, तर आतल्या स्नायूत हाड धरते, आणि मग तो हात कुलूप लावल्यासारखा होतो. ही आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवायची गोष्ट. तू माझ्याकडे होतीस त्या वर्षात कोपराचा असा पेशंट आला नाही, म्हणून तुला माहीत नाही. मला माहीत होते. तू चालेल ना म्हणून विचारलेसही. आणि मी पाहिले नाही, चौकशी केली नाही, पत्राच्या शेपटाला चालू ठेव म्हणून लिहून मोकळी झाले. उंटावरून शेळ्या हाकत होते मी.

तू रडत बसू नको. रजेचा अर्ज दिला आहे, मिळाली की निघते.

वसुमावशी


भिलाई
दि. २७ डिसेंबर १९८६

चि. वसुंधरास अ. आ.

पत्र मी लिहितो आहे, कारण शीला लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही आणि तुझ्या ताईला लिहू दिले तर कागद ओला होईल. दुर्गला हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. फोटोत कोपरापुढे कापसासारखे धूसर दिसते, ते नवे हाड आहे म्हणाले. सुखरामने चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरे वाटले असते.

डॉक्टर मात्र भडकले. बोर्डावरच्या नागपूरच्या बाईंनी हा हात कधी स्वतः पाहिला होता का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, विचारून सांगतो. ते म्हणाले, पाहिला असेल तर उपचार करूनही असे कधी कधी होते, मी समजून घेईन. पाहिला नसेल तर ही पोरगी आणि तो कैंपातला मालिशवाला यांत मला फरक दिसत नाही, आणि तसे मी दुर्ग-भिलाईच्या प्रत्येक डॉक्टरला सांगेन.

आता तुला स्पष्टच लिहितो, मेहुणीबाई. तू नोव्हेंबरात एका रविवारी येऊन हात पाहून गेलीस, एवढे दोन ओळींचे पत्र डॉक्टरांच्या नावाने टाक. तू इकडे येत-जात असतेसच, कोण तारीख तपासतो? याने कोणाचा हात आणखी वाकडा होणार नाही. झाले ते झाले. पण पोरीने उभे केलेले काम वाचेल. परवा मला वेगळ्या पत्रात तू लिहिलेस की बोर्डावरून नाव काढून घ्यायचा विचार आहे, ते मला पटत नाही. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असे ते होईल. शीलाचे वय तुला माहीत आहे. दोन स्थळे तिने स्वतः नाकारली, मला माझे काम आहे म्हणाली, आणि मी बाप असून तिच्या बाजूने उभा राहिलो. आता तिला काय सांगू?

आजवर तुझ्याकडे काही मागितले नाही. मागितले ते तुझे नाव, तेही तू हसत दिलेस. तेवढ्याच मोकळ्या मनाने हेही कर, आणि भाऊजींवर नेहमीसारखी मर्जी असू दे.

बाबाराव


नागपूर
दि. १७ जानेवारी १९८७

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

भिलाईहून काल पहाटे परत पोचले. भाऊजी स्टेशनवर सोडायला आले नाहीत, ताई जेवायला वाढून आत निघून गेली, आणि तू तर खोलीची कडीच काढली नाहीस. मला राग नाही. पण मी तिथे काय केले ते तुला दाराबाहेरून सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

भाऊजींचे पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवले होते. खोटे का सांगू, एकदा तसे दोन ओळींचे पत्र लिहूनही काढले. नोव्हेंबरातला एक रविवारसुद्धा निवडला होता. मग फाडले. मी त्या रविवारी इथे नागपुरात दुपारभर झोपले होते, आणि हे मला विसरता येईना.

डॉक्टरांना मी समोर बसून सांगितले, मी हात पाहिला नव्हता. शीलाने विचारले होते, मी न पाहता चालू ठेव म्हटले. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, हाड पक्के व्हायला वर्ष जाईल, तोवर हात लावायचा नाही. मग कापून काढता येईल, पण पूर्वीसारखा वाकेल याची खात्री नाही. आपल्याकडे ते आता पेशंट पाठवणार नाहीत. बोर्डावरून माझे नाव मी येतानाच पेंटरला सांगून पुसायला लावले. कायदा नसला तरी सहायकाने एकटीने काम करू नये, म्हणून केंद्रही बंद करावे लागेल, हे मला ठाऊक आहे. तुझे काम मी मोडले, शीला. भैयालालला उद्याही कोणी विचारणार नाही, आणि तुला मात्र घरी बसावे लागेल, हा अन्याय आहे हेही मला दिसते. तरी दुसरे मला सुचले नाही.

मग कैंपात गेले. तू बरोबर आली असतीस तर बरे झाले असते, आणि नाही आलीस हेही बरे.

मनकर्णाबाई जेवत होत्या. मला पाहून ताट घाईने मागे सरकवले. डाव्या हाताने घास घ्यावा लागतो, त्याची लाज वाटते. म्हणून लग्नाच्या पंगतीतही बसत नाहीत म्हणे. उजवा हात कपाळापर्यंत पोचत नाही, कुंकू सून लावून देते. पण मोठ्या बाई आल्या याचा त्यांना इतका आनंद झाला की सुनेला चहाला पिटाळले, मला चांगली सतरंजी काढून दिली आणि तो हात माझ्यापुढे असा धरला, जणू आता मी पाहिला की तो सुटणार. मी कोपर तळहातावर घेतले. आत दगड आहे, शीला.

मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले रडतील, नाहीतर शिव्याशाप देतील. त्या म्हणाल्या, पोरीले काही म्हनू नका बाई, ते घामाघूम होऊन करून राहिली होती. दुखे लई, पन मी पदर दातात धरून राहू. मनात म्हनू, मोठ्या बाईनं पायलं हाय, त्याइले ठाऊक असन कुठवर सोसवते.

मी म्हटले, मी पाहिले नव्हते.

त्यांना ते लगेच समजलेच नाही. मी पुन्हा सांगितले, मी नागपुरात होते, शीलाला कोपराचे शिकवलेले नव्हते, तिने मला विचारले आणि मी न बघता हो म्हटले. त्यांनी हात हळूच माझ्या हातातून काढून मांडीवर ठेवला. मग त्यांनी मला विचारले, अगदी साधेपणाने, राग नव्हता आवाजात. म्हणाल्या, मंग बाई, माह्या हात पायला तरी कोनं?

मी म्हटले, कोणीच नाही.

चहा मला संपवता आला नाही. तू नागपूरला ये. माझ्या टेबलाशेजारी उभी राहा, मी तुझ्या हाताकडे बघेन. मावशीवरचा राग बरोबर घेऊन आलीस तरी चालेल, पण ये.

तुझी,
वसुमावशी