बाकावरची जागा

आई,

वाचनालयाच्या कमिटीला काडीची अक्कल नाही. छोट्या गावातल्या, देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसांच्या तुझ्या त्या आवडत्या कादंबऱ्या त्यांनी 'भाबड्या' म्हणून रद्दीत काढल्या. मीही त्यांना गुळचटच म्हणायचो, तरी भांडून अकरा परत आणल्यात. टेबलावर आहेत.

चाळल्या, तर प्रत्येकीत खुणेला तुझ्या शिवणाचा निळा दोरा. आणि प्रसंग दरवेळी तोच: कुणीतरी उशिरा प्रार्थनेला येतं, आणि बाकावरची माणसं काही न विचारता सरकून जागा देतात.

मी प्रार्थनामंडळाविरुद्ध पेपरात लेख लिहिला, तेव्हापासून तू तिथे जात नाहीस. 'गुडघे दुखतात' म्हणालीस, आणि मी लेखक म्हणवणाऱ्या गाढवाने ते खरं मानलं. तिथे तुझ्यासाठी कुणी सरकत नाही, होय ना? म्हणून पुस्तकात जाऊन बसायचीस.

लेखातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण रविवारी तुझ्यासोबत येतो. कुणी नाहीच सरकलं, तर दोघं भिंतीला टेकून उभे राहू.

डबा घेतलाय, कारखान्यात निघालो. येतेस का? याच कागदावर खाली लिही, आणि गुडघ्यांचं नाव काढू नकोस.