क्लोराइडचं दार

४ जून
आले एकदाची चंद्रपूरला! अहेरीहून येताना अब्बूंनी माझी बॅग सबंध वाट मांडीवर घेतली. आत त्यांनी शिवलेले नवे ड्रेस आहेत, चुरगळतील म्हणे. शिंपीमाणूस! जटपुरा गेटजवळ खोली मिळालीय आणि संशोधन केंद्र नवं कोरं आहे. बाहेर डांबर वितळतंय अन् मी मशीनच्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून बसलेय.

अम्मीला फोनवर काम समजावलं ते असं. पेशीच्या पातळ पडद्यात प्रथिनांची दारं असतात. त्यांतून क्लोराइड ये-जा करतं, त्याच्यामागे पाणी जातं. काहींची ही दारं जन्मतःच बंद असतात. मग घाम मिठासारखा खारट होतो, छातीतला कफ डिंकासारखा घट्ट. ते दार आम्ही संगणकात अणू-अणूने उभं करतो आणि कोणत्या औषधाने उघडतं ते पाहतो. संगणकाच्या पडद्यावर क्लोराइड हिरव्या मण्यांसारखं दिसतं. फार सुंदर.

प्रमुख गुणवंतराव सर अगदी प्रेमाने बोलले. औषधाची पावडर बनवणारा अंकुश चहा पाजून गेला. मजा येणार इथे.

९ जून
केंद्राचे शिपाई खुशालभाऊ तळ्याकाठच्या गावचे, मासेमारी करणारे ढीवर. आज फडकं मारता मारता म्हणाले, ही खुर्ची दिव्यानीची, माझ्याआधी हेच काम करणाऱ्या मुलीची.

तिला तोच रोग होता. "इथीच बसून आपल्याच शरीराचं दार पाहे ते पोरगी," म्हणाले. गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्या रक्तावरून बांधलेलं ते दार अजून माझ्या मशीनमध्ये आहे. वाईट वाटलं. तिचं काम नीट पुरं करायचं ठरवलंय.

१४ जून
दिव्यानीचं दार सरांच्या औषधासोबत चालवलं. उघडत नाही. सरांच्या छापायला जाणाऱ्या शोधनिबंधात मात्र उघडतं. निबंधासाठी संगणकात केलेली जुनी मांडणी काढून पाहिली. दाराला बाहेरून बळ लावून ओढलेलं होतं! असं करता येतं, पण तसं सांगावं लागतं. निबंधात त्याबद्दल एक अक्षर नाही.

खुशालभाऊंना विचारलं. सरांनी याच पडद्यावर तिला उघडं दार दाखवलं होतं. अंकुशने पावडर दिली, आणि तिने बाकीची औषधं सोडली. "मी बरी होऊन राह्यली भाऊ, असं म्हणे. मंग खोकून खोकूनच गेली," भाऊ म्हणाले. "त्याईले मालूम होतं काय बाई, का दार बंद हाय?"

होतं, दोघांनाही. मी सरांपुढे विषय काढला तर हसले. भावनेने विज्ञान चालत नाही म्हणे. मेलेल्यांची नावं कशाला, म्हणून निबंधावरून तिचं नावही काढून टाकलंय. जागेवर येऊन मी तिचं दार पुन्हा चालवायला लावलं.

१७ जून
दार उघडलं. कोणतंही बळ न लावता.

हिरवे मणी एका रांगेत बाहेर निघाले, परत एकही आला नाही. असं होऊच शकत नाही.

दुपारी चहा घेताना अंकुश कोसळला. मानेवर पांढरं काहीतरी साचलेलं. मला वाटलं पावडर असेल. खुशालभाऊंनी बोटाने पुसून जिभेला लावलं. "मीठ हाय बाई."

दवाखान्यात सलाइन चढवत होते आणि ते घामातून बाहेर येत होतं. संध्याकाळी गेला. डॉक्टर ऊन लागलं म्हणाले.

परत आले तेव्हा पडद्यावर दार आपोआप बंद झालेलं.

१९ जून
अंकुशबद्दल सर एक शब्द बोलले नाहीत. दार आपसूक उघडलं, हे ऐकून मात्र खूश. माझ्यासमोर चालव म्हणाले. दिव्यानीच्या खुर्चीला रेलून उभे होते.

काय होईल ते मला कळत होतं. तरी चालवलं. मुद्दाम.

मणी निघाले. सर खोकू लागले. पाणी मागितलं, प्याले, पुन्हा मागितलं. भुवयांवर मीठ धरलं. बंद कर, म्हणाले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "दार उघडलंय सर. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या मागे पाहत होते. तिचं नाव घेतलं, हात जोडले. माझ्या कानाशी कुणीतरी जड, घरघरता श्वास घेतला. मी वळले नाही.

बरं वाटलं. लिहून ठेवते — फार बरं वाटलं.

२० जून
सर पहाटे गेले.

दार बंद होत नाही. मणी अजून निघताहेत. का? कुणासाठी? मशीन बंद केली. वायर उपसली. पडदा तसाच उजळ —

निबंध छापणाऱ्यांची मेल आलीय. सरांनी गेल्या आठवड्यातच पाठवून दिला होता. पहिलं नाव माझं. रुबीना शेख. तिच्या जागी.

मला विचारलं नव्हतं. मला माहीत नव्हतं गं —

२१ जून
खोलीवर. पाणी पोटात ठरत नाही. पापण्या उघडताना करकरतात. अब्बूंचा फोन आला — आवाजच फुटला नाही. ते हॅलो हॅलो करत राहिले —

खुशालभाऊ तिच्या खुर्चीपुढे जाऊन बोलून आले. "हे पोरगी तशी नाई म्हटलं. आयकत नाई बाई ते."

भिंतीला टेकून कुणीतरी खोकतंय. भिंतीच्या अलीकडे —

छापणाऱ्यांना मेल लिहायला घेतली. बोटांतलं मीठ कीबोर्डवर — अक्षरं उठत नाहीत — म्हणून पेन. भाऊ, हे पान फाडून पाठवा — औषध खोटं — दार उघडत नाही — माझं नाव खोडा. हे काम दिव्या